नाव एक, गाड्या पाच! : होंडा सिटीच्या पाच पिढ्यांचा हिशोब

"तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, ही ठेवू की विकू?"

वाईहून मामाचा फोन आला तेव्हा मी रात्रीचे अकरा वाजता सबमिशनच्या शीट्स जी.टी. मारत बसलो होतो. (ज्यांना जी.टी. म्हणजे काय ते माहीत नाही ते नक्की फर्स्ट इयरचे असणार. कळेल हळूहळू!) प्रश्न होता मामाच्या होंडा सिटीचा. २००२ सालची, १.५ व्ही-टेक, रंग चंदेरी. मामाचा जीव की प्राण. आता तिचं रजिस्ट्रेशन पुन्हा एकदा रिन्यू करायची वेळ जवळ येते आहे आणि त्याच वेळी सईला, म्हणजे माझ्या मामेबहिणीला, पुण्यात नोकरी लागली आहे. दर शुक्रवारी रात्री पुण्याहून वाई आणि सोमवारी पहाटे परत. मामाचं म्हणणं, "तिला हीच देतो. हिच्यासारखी गाडी पुन्हा झाली नाही." मामीचं म्हणणं, "नवीन घ्या." आणि सईचं म्हणणं, "दादाला विचारा."

म्हणजे घरच्या भांडणात मला अंपायर केलं! मी मामाला म्हटलं, "मामा, मला आठवडा दे. नीट अभ्यास करून सांगतो." (हाच अभ्यास मी थर्मोचा केला असता तर... असो.)

तर मंडळी, हा लेख म्हणजे त्या आठवड्याचा रिपोर्ट. भारतात सिटी या नावाने आजवर पाच वेगवेगळ्या गाड्या आल्या. प्रत्येक पिढीला कोणीतरी "स्पोर्टी" म्हटलंच आहे. पण स्पोर्टी म्हणजे नक्की काय? आणि "पूर्वीसारखी मजा राहिली नाही" हे मामालोकांचं आवडतं वाक्य आकड्यांवर टिकतं का? बघूया.

आधी फूटपट्टी ठरवू

व्हायव्हामध्ये जसं आधी डेफिनिशन विचारतात तसं इथेही. मी तीन कसोट्या धरल्या.

पहिली कसोटी : पॉवर-टू-वेट रेशो. नुसती १०० बीएचपी म्हणून काही कळत नाही. ती पॉवर किती वजन ओढते आहे ते महत्त्वाचं. म्हणून एका टनामागे किती बीएचपी, हा आकडा काढायचा.

दुसरी कसोटी : टॉर्क कुठे मिळतो. आपलं फॉर्म्युला शीट आठवा. पॉवर (किलोवॅटमध्ये) = टॉर्क × आरपीएम ÷ ९५४९. जाहिरातीत छापतात ती पॉवर साडेसहा हजार आरपीएमच्या आसपासची असते. आता प्रामाणिकपणे सांगा, कर्वे रोडवर सिग्नल टू सिग्नल जाताना कोणी गाडी साडेसहा हजारावर नेतं का? आपण जगतो १५०० ते ३००० मध्ये. तिथे इंजिन काय देतं त्यावर गाडी रोज कशी वाटते ते ठरतं.

तिसरी कसोटी : थांबते कशी, आणि नाही थांबली तर आतल्या माणसाचं काय होतं. ही कसोटी आमच्या हॉस्टेलच्या गप्पांमध्ये कधीच नसते. पण गाडी सईला द्यायची आहे, त्यामुळे मला ती घ्यावीच लागली.

भारताच्या आधीची सिटी

थोडा इतिहास. सिटी हे नाव जपानमध्ये १९८१ साली आलं ते एका छोट्या, उंच हॅचबॅकवर. पुढच्याच वर्षी तिची टर्बो आवृत्ती आली : १.२ लिटर, १०० पीएस आणि वजन सातशे किलोहून कमी. म्हणजे मारुती ८०० पेक्षा थोडीच जड गाडी आणि तिला टर्बो! या नावाच्या रक्तातच थोडा वात्रटपणा आहे असं म्हणायला हरकत नाही. नंतर १९९६ मध्ये होंडाने हेच नाव आग्नेय आशियाच्या बाजारासाठी बनवलेल्या एका सेडानला दिलं. थायलंडमध्ये ती आधी आली आणि मग आपल्याकडे.

पहिली पिढी (१९९८ ते २००३) : मामाची लाडकी

१९९५ च्या शेवटी होंडा सिएल ही कंपनी स्थापन झाली, ग्रेटर नोएडाला कारखाना उभा राहिला आणि १९९८ च्या सुरुवातीला सिटी रस्त्यावर आली. १.३ आणि १.५ लिटर अशी दोन पेट्रोल इंजिनं होती. १.५ ची पॉवर १०० बीएचपी. ज्या काळात एस्टीम ही घरातली मोठी गाडी समजली जायची त्या काळात हा आकडा म्हणजे भन्नाटच. मग २००० साली आली १.५ व्ही-टेक, १०६ बीएचपीची.

आता तुम्ही म्हणाल, १०० चे १०६ झाले, त्यात एवढं काय? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण व्ही-टेकची खरी गंमत सहा बीएचपीमध्ये नाही. कॅमशाफ्टवरचा कॅम व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडायचा ते ठरवतो. कमी आरपीएमला व्हॉल्व्ह थोडा आणि थोडाच वेळ उघडलेला बरा, म्हणजे इंजिन गुळगुळीत चालतं आणि पेट्रोलही कमी पितं. उलट वरच्या आरपीएमला हवा आत घ्यायला वेळच नसतो, तेव्हा तो जास्त आणि जास्त वेळ उघडायला हवा. साध्या इंजिनात कॅमचा आकार एकच, म्हणून कुठेतरी मधली तडजोड करावी लागते. होंडाने एकाच शाफ्टवर दोन प्रकारचे कॅम बसवले. आरपीएम वाढले की ऑइलच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, शेजारशेजारचे रॉकर आर्म एकमेकांना जोडले जातात आणि व्हॉल्व्ह मोठ्या कॅमचं ऐकायला लागतो. ही युक्ती होंडाने १९८९ च्या इंटेग्रामध्ये पहिल्यांदा आणली. त्या १.६ लिटर इंजिनाने १६० पीएस दिले होते, म्हणजे टर्बोशिवाय लिटरमागे १०० पीएस! सिटीमधलं त्याचं रूप त्यामानाने खूप साधं, पण तत्त्व तेच.

सिटी व्ही-टेकचं वजन साधारण एक टनाच्या आसपास. म्हणजे टनाला शंभरच्या थोडी वर बीएचपी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

ही गाडी मी स्वतः चालवली आहे, वाईहून पाचगणीला जाणाऱ्या पसरणी घाटात. बसायची जागा खाली, बॉनेट खाली, खिडक्या मोठ्या. स्टिअरिंग हायड्रॉलिक, त्यामुळे पुढच्या चाकाखाली खडी आली तर तळहाताला कळतं. सेकंड गिअर ठेवायचा आणि इंजिन ओरडू द्यायचं. वरच्या आरपीएमला आवाज बदलतो आणि गाडी एकदम हलकी होते. बाजूला मामा बसला होता. तो काही बोलला नाही, नुसता हसला. मामाचं प्रेम मला त्या दिवशी समजलं!

कसोटी एक : उत्तम. कसोटी दोन : बरी, वर चांगली. कसोटी तीन? तिच्याकडे शेवटी येऊ.

दुसरी पिढी (२००३ ते २००८) : "किती देते?"

२००३ च्या शेवटी नवी सिटी आली आणि गाडीवेड्या पोरांनी डोक्याला हात लावला. इंजिन १.५ लिटरच, पण पॉवर फक्त ७७ बीएचपी! सोळा व्हॉल्व्हचे आठ झाले. आकारही बदलला, गाडी उंच झाली, व्हीलबेस २५०० मिलिमीटरवरून २४५० वर आला. टनाला बीएचपी काढली तर जेमतेम सत्तरच्या थोडं वर.

मग होंडाचे इंजिनिअर झोपले होते का? अजिबात नाही. त्यांनी वेगळा पेपर सोडवला. भारतातला गिऱ्हाईक शोरूममध्ये शिरल्यावर पहिला प्रश्न काय विचारतो? "किती देते?" त्याचं उत्तर म्हणजे आय-डीएसआय इंजिन. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एक इनटेकच्या बाजूला, एक एक्झॉस्टच्या बाजूला. दोन्ही एकदम किंवा थोडे मागेपुढे पेटतात, त्यामुळे मिश्रण लवकर आणि पूर्ण जळतं. कमी पेट्रोलमध्ये जास्त काम.

आता आपला फॉर्म्युला लावू. या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क १२८ न्यूटन-मीटर, तोही २७०० आरपीएमला. म्हणजे २७०० ला पॉवर साधारण ३६ किलोवॅट. याचा अर्थ काय? शहरात आपण ज्या पट्ट्यात गाडी चालवतो बरोबर त्याच पट्ट्यात या इंजिनाने आपला सगळा जोर ठेवला होता. सिग्नलवरून निघायला, चौथ्या गिअरमध्ये रेंगाळायला ही गाडी झक्कास. फक्त घाटात ओव्हरटेक करताना चार हजाराच्या पुढे ढकललं की नुसता आवाज वाढतो, वेग नाही.

पेट्रोलची टाकी पुढच्या सीटच्या खाली ठेवल्यामुळे मागे भरपूर जागा झाली, हीसुद्धा डोकेबाज आयडिया. २००५ मध्ये हिचं झेड-एक्स हे सुधारित रूप आलं, आणि १०० बीएचपीचं व्ही-टेक इंजिनही या पिढीत परत मिळालं. म्हणजे गिऱ्हाईकांनी मायलेज मागितलं तरी थोड्या लोकांना मजा हवीच होती.

माझं मत : ही गाडी स्पोर्टी नव्हती, पण वाईटही नव्हती. इंजिनिअरिंग म्हणजे दिलेल्या कन्स्ट्रेंट्समध्ये उत्तर शोधणं. कन्स्ट्रेंट बदलला, उत्तर बदललं.

तिसरी पिढी (२००८ ते २०१३) : दोन्हीचा मेळ

सप्टेंबर २००८ मध्ये आलेली सिटी बघायलाच बाणासारखी. पुढून टोकदार, मागे रुंद. १.५ लिटर आय-व्ही-टेक, ११८ पीएस. इथे एक सूचना : पीएस आणि बीएचपी एकच नाहीत. १ पीएस म्हणजे ०.९८६ बीएचपी. जाहिरातवाले पीएस छापतात कारण आकडा मोठा दिसतो! तर ११८ पीएस म्हणजे सुमारे ११६ बीएचपी. वजन ११०० किलोच्या आसपास. टनाला परत शंभरच्या थोडी वर. म्हणजे आठ वर्षांनी आपण मामाच्या व्ही-टेकपाशी परत आलो.

टॉर्क १४६ न्यूटन-मीटर, पण ४८०० आरपीएमला. फॉर्म्युला लावला तर तिथे पॉवर ७३ किलोवॅट. म्हणजे हे इंजिन पुन्हा वर जगणारं. माझ्या रूम पार्टनरच्या बाबांकडे ही गाडी आहे, मी थोडी चालवली आहे. रिकामा रस्ता मिळाला तर इंजिन इतकं आनंदाने वर जातं की आपलाच पाय आवरावा लागतो. ऑटोमॅटिकला पाच गिअर आणि स्टिअरिंगमागे पॅडल शिफ्टर, म्हणजे त्या काळात थोडी एफ-वनची हवा! मात्र स्टिअरिंग इलेक्ट्रिक, हलकं. पार्किंगला छान, पण पसरणीत खडी आली की नाही ते तळहाताला सांगत नाही.

पण या पिढीची सगळ्यात मोठी गोष्ट इंजिन नव्हतं. बाजारात आली तेव्हा दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या मॉडेलमध्ये होते, अगदी सर्वात स्वस्त मॉडेलमध्येसुद्धा. आपल्याकडे ड्रायव्हरच्या एअरबॅगची कायद्याने सक्ती झाली ती थेट जुलै २०१९ मध्ये. म्हणजे कायद्याच्या दहा वर्षं आधी. २००८ चे रिव्ह्यू वाचून कोणी याबद्दल फार नाचलेलं दिसत नाही, सगळे ११८ वर नाचत होते. आम्हीही तेच केलं असतं.

चौथी पिढी (२०१४ ते २०२३) : डिझेलचा जमाना

त्या वर्षांमध्ये पेट्रोल आणि डिझेलच्या भावात एवढा फरक होता की डिझेल इंजिन नसलेली सेडान विकणं अवघड झालं होतं. होंडाने जानेवारी २०१४ च्या सिटीमध्ये १.५ लिटर आय-डीटेक डिझेल दिलं. पॉवर फक्त १०० पीएस, पण टॉर्क २०० न्यूटन-मीटर, १७५० आरपीएमला. गुणून बघा : साधारण ३६ किलोवॅट. ओळखीचा आकडा वाटला? आय-डीएसआय २७०० ला जेवढी पॉवर द्यायची तेवढी हे डिझेल १७५० ला देऊन मोकळं होतं. शहरात ढकलगाडी चालवल्यासारखं न वाटण्याचं कारण हेच. सरकारी टेस्टमध्ये मायलेज लिटरला २६ किलोमीटर. बदल्यात आवाज जास्त आणि पुढचं वजन जास्त, त्यामुळे वळणावर नाक थोडं जड.

पेट्रोलचं इंजिन जवळपास तेच, ११९ पीएस. ऑटोमॅटिक मात्र बदलला आणि सीव्हीटी आला. सीव्हीटीमध्ये गिअर नसतात, दोन पुल्या आणि त्यामधून जाणारा स्टीलचा पट्टा. पुल्यांचा व्यास सतत बदलतो, म्हणजे असंख्य गिअर. कागदावर आदर्श, पण जोरात ॲक्सिलरेटर दाबला की आधी इंजिन ओरडतं आणि मागून सावकाश वेग येतो. रबरबँड ताणून सोडल्यासारखं. मायलेजला उत्तम, मजेला साधारण.

व्हीलबेस २६०० झाला. मागे तीन मावश्या भांडण न करता बसतील एवढी जागा झाली. आणि मुख्य म्हणजे, २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात बनलेली ही चौथ्या पिढीची सिटी दोन एअरबॅगांसह आदळून पाहिली. निकाल : मोठ्यांसाठी चार स्टार, मुलांसाठीही चार स्टार. पहिल्यांदाच आमच्याकडे ऐकीव गप्पांच्या ऐवजी टेस्टचा आकडा आला.

पाचवी पिढी (२०२० पासून) : मोठी झाली, शहाणी झाली

जुलै २०२० मध्ये, कोविडच्या गडबडीत, पाचवी सिटी आली. लांबी ४५४९ मिलिमीटर. पेट्रोल इंजिन नवं, दोन कॅमशाफ्टचं, १२१ पीएस, टॉर्क १४५ न्यूटन-मीटर ४३०० ला. मॅन्युअलला सहा गिअर. वजन ११०० च्या थोडं वर. टनाला बीएचपी? परत शंभरच्या थोडी वर!

थायलंडच्या सिटीला याच पिढीत १ लिटरचं टर्बो इंजिन मिळालं, १७३ न्यूटन-मीटरचं. आपल्याकडे ते आलं नाही. आपल्याला मिळालं ते मे २०२२ मध्ये आलेलं हायब्रिड, ई-एचईव्ही. त्यात गंमत अशी की कमी वेगाला चाकं फिरवतो तो इलेक्ट्रिक मोटर आणि इंजिन फक्त वीज बनवतं. हायवेवर स्थिर वेगाला एक क्लच इंजिन थेट चाकांना जोडतो, कारण तिथे इंजिन स्वतःच जास्त एफिशियंट असतं. इंजिन ॲटकिन्सन सायकलवर चालतं (बघा, थर्मो कामाला आला!). इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, कॉम्प्रेशनपेक्षा एक्सपान्शन जास्त मिळतं आणि उष्णता कमी वाया जाते. मोटरचा टॉर्क २५३ न्यूटन-मीटर, तोही शून्य आरपीएमपासून. सरकारी मायलेज २६.५. म्हणजे २०१४ च्या डिझेलपेक्षा जास्त, तेही पेट्रोलवर. हिला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. साध्या पेट्रोलला मागे अजून ड्रमच.

१ एप्रिल २०२३ पासून भारत स्टेज ६ चा दुसरा टप्पा लागू झाला. आता धूर प्रयोगशाळेबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजायचा. छोट्या डिझेलला ते परवडेना, आणि सिटीचं डिझेल त्या सुमारास बंद झालं.

मग मजा कमी झाली का?

आता पहिल्या कसोटीचे सगळे आकडे शेजारी शेजारी ठेवू. टनाला बीएचपी, अंदाजे, पेट्रोल मॅन्युअल :

पहिली (व्ही-टेक) : शंभरच्या थोडी वर
दुसरी (आय-डीएसआय) : सत्तरच्या थोडी वर
तिसरी : शंभरच्या थोडी वर
चौथी : शंभरच्या थोडी वर
पाचवी : शंभरच्या थोडी वर

मी हे दोनदा तपासलं. वीस वर्षांत या गाडीची पॉवर १०६ वरून सुमारे ११९ बीएचपी झाली आणि तेवढ्याच प्रमाणात वजन वाढलं. म्हणजे मामाचं वाक्य आकड्यांवर टिकत नाही. नवी गाडी संथ झालेली नाही. पण मामा खोटंही बोलत नाही! जे हरवलं ते बीएचपीमध्ये मोजता येत नाही : खाली बसणं, हायड्रॉलिक स्टिअरिंग, कमी आवाजबंदी, पातळ दरवाजे. पहिल्या सिटीत साठचा वेग नव्वदसारखा वाटतो. पाचवीत नव्वद साठसारखा वाटतो.

आणि वाढलेलं ते शंभर किलो वजन गेलं कुठे? एअरबॅग, एबीएसचं युनिट, दारातले बीम, जाड पिलर, मोठी बॉडी. म्हणजे होंडाने वीस वर्षांत मिळवलेली जास्तीची पॉवर आपल्या जिवावर खर्च केली. चांगल्या अर्थाने!

तिसरी कसोटी

आता सईची गोष्ट. ताशी १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. कोरडा रस्ता, चांगले टायर, ०.८ जी ने ब्रेक लागले असं धरलं तर थांबायला लागतात ४९ मीटर. ६० च्या वेगाला फक्त १८ मीटर. वेग दीडपटीहून थोडा जास्त, अंतर पावणेतीनपट, कारण कायनेटिक एनर्जी वेगाच्या वर्गात वाढते. हे अकरावीचं फिजिक्स आहे, पण सोमवारी पहाटे पाच वाजता हायवेवर समोर बिनदिव्यांचा ट्रॅक्टर आला की ते फिजिक्स राहत नाही.

तेव्हा माणूस घाबरून पूर्ण ब्रेक दाबतो. मामाच्या गाडीत एबीएस नाही. चाकं लॉक झाली की स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही, गाडी सरळ घसरत जाते. एबीएस असेल तर पूर्ण ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते. मामा पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, त्याचा पाय ब्रेक पंप करायला शिकलेला आहे. सईला लायसन्स मिळून एक वर्ष झालंय.

बाकी व्यवहाराच्या गोष्टीही आहेत. १५ वर्षांवरच्या कारच्या रिन्यूअलची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५००० झाली, आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढली. वर ग्रीन टॅक्स. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल धरून बनवल्या जातात. २००२ ची कोणतीही गाडी तशी बनलेली नाही, तिचे रबरी पाईप आणि सील वेळोवेळी बघावे लागणार. पण हे सगळं पैशाने सुटतं. एबीएस आणि एअरबॅग पैशाने मागाहून बसत नाहीत.

निकाल

फक्त चालवायची मजा हवी : पहिली व्ही-टेक. दुसरा विचार नको.
मजा आणि सुरक्षितता, कमी बजेट : तिसरी, मॅन्युअल. मात्र एअरबॅग आणि एबीएस आहेत ना ते त्याच गाडीवर तपासून घ्या.
रोजचा शहरी वापर, पेट्रोलचं बिल जड वाटतं : पाचवी हायब्रिड, खिशात पैसे असतील तर.
नव्या ड्रायव्हरला हायवेसाठी, सेकंडहँड : चौथी पेट्रोल, मॅन्युअल.

रविवारी मी मामाला फोन करून हे सगळं सांगितलं. टनाला बीएचपी समान आहे हे ऐकून तो जरा हिरमुसला. "म्हणजे माझी गाडी नव्या गाडीपेक्षा फास्ट नाही?"

"नाही मामा. पण हळूही नाही. वीस वर्षांनी सुद्धा."

हे त्याला आवडलं. मग मी ब्रेकचं सांगितलं. ४९ मीटर, एबीएस, पहाटेचा ट्रॅक्टर, सगळं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"सईला चौथी बघू मग," तो म्हणाला. "पण व्ही-टेक विकायची नाही. रिन्यूअलचं मी बघतो. रविवारी पाचगणीपर्यंत जाऊन यायला लागते मला. आणि तू सुट्टीत ये, टायर बदलायचेत."

मी हो म्हटलं. टायर तर बदलूच. आणि पसरणीत सेकंड गिअरमध्ये एकदा साडेसहा हजार, अगदी अभ्यासासाठी!